बादली जरा लांबच ठेवा

जुन्या लाकडी जमिनीच्या बाबतीत मला वाळवीइतकीच धास्ती वाटते ती स्वच्छतेची हौस असलेल्या माणसाची. बाह्या सरसावून, बादलीभर पाणी घेऊन तो निघाला की फळ्यांचं काही खरं नाही.

दगडी फरशी पाणी सोसते, लाकूड ते पितं. पिऊन फुगतं, तेही मुख्यतः रुंदीत. लांबीत फारसा फरक पडत नाही. वर ओतलेलं पाणी फटींतून खाली उतरतं. वरचा भाग वाऱ्याने सुकतो, खालचा ओलाच राहतो, आणि मग फळीच्या कडा उचलून ती पन्हळीसारखी होते. घाबरून लगेच सँडिंग केलं, म्हणजे उचललेल्या कडा पॉलिश पेपरने घासून सपाट केल्या, तर आणखी पंचाईत. ओल गेल्यावर कडा आपोआप खाली बसतात आणि फळीच्या मधोमध कायमचा उंचवटा राहतो. ओल कुठून येते ते शोधून ती थांबवायची आणि वाट बघायची, एवढंच आपलं काम. (हेच सगळ्यात कठीण!)

फटींचंही तसंच. कोरड्या हवेत त्या रुंदावतात, दमट हवेत मिटतात. त्यांत कडक पुट्टी भरली की ती तडकून बाहेर येते, म्हणून मी तरी त्यांच्या वाटेला जात नाही.

रोजच्यासाठी मऊ झाडू पुरतो. बुटांबरोबर आलेली बारीक वाळू मात्र वेळच्या वेळी काढावी. पायाखाली तीच पॉलिश पेपरचं काम करते. फडकं घट्ट पिळलेलं हवं, इतकं की मागे राहिलेला ओलसरपणा बघता बघता उडून जावा. वाफेचा मॉप नकोच. व्हिनेगरच्या घरगुती युक्तीचं इतकं कौतुक का होतं कोण जाणे. त्यातल्या आम्लाने पॉलिशची चमक हळूहळू मरते.

काही लावण्याआधी आधीचं काय आहे ते बघावं. कपाटामागच्या कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा क्षणभर टेकवा. थर मऊ होऊन चिकटला तर बहुधा लाखेचं पॉलिश. नखाने खरवडल्यावर मऊ, ओशट कण निघाले तर मेण. मेणाच्या जमिनीला पुन्हा मेणच द्यावं, तेही अगदी पातळ. जाड थर नुसता धूळ धरतो.

आणि जुन्या फळ्यांवर दिसतो तो काळा डाग? ओकच्या लाकडात टॅनिन नावाचं तुरट द्रव्य असतं. ओलीत लोखंडाशी गाठ पडली की ते काळं पडतं, म्हणून जुन्या खिळ्यांभोवती अशी काळी वर्तुळं दिसतात. घासून ती जात नाहीत. सगळी जमीन तासून काढायचा मोह होतो खरा, पण खाचेच्या जोडाच्या फळीत (एकीची जीभ शेजारणीच्या खाचेत बसते अशा) खाचेवर तासण्याजोगं लाकूड जेमतेम काही मिलिमीटर असतं, आणि दर सँडिंगला त्यातलं थोडं जातं. एका डागापायी ते कशाला खर्चायचं? तिथे खुर्ची सरकवावी. पायांना फेल्टच्या चकत्या लावून, अर्थात.