उभ्या गाडीची भूक

मागच्या खेपेला लेकीकडे तीन महिने राहून परतलो, तेव्हा इमारतीच्या तळघरात झाकून ठेवलेल्या गाडीने किल्ली फिरवताच नुसते 'टक्' केले आणि मौन धरले. उभी गाडी काही खात नाही, ही माझी समजूत त्या दिवशी मोडली. गाडी बंद असली तरी तिचे घड्याळ, चोरघंटा आणि रिमोटच्या हाकेसाठी जागा राहणारा संगणक हे सारे बॅटरीतून घोटघोट वीज पीत असतात. ही गळती ५० मिलिअँपिअर धरली, तरी दिवसाला १.२ अँपिअर-तास होते. म्हणजे ३५ अँपिअर-तासांची बॅटरी महिन्याभरात रिकामी! शिवाय रिकामी बॅटरी तशीच पडून राहिली, तर शिशाच्या प्लेटांवर सल्फेटचे कठीण थर बसतात आणि मग कितीही चार्ज केले तरी तिच्यात पूर्वीचा जीव येत नाही.

यंदा निघण्याच्या आदल्या दिवशी म्हणूनच बोटातली अंगठी काढून खिशात टाकली आणि बॅटरीच्या तारा सोडवायला दहा नंबरचा पाना घेऊन बॉनेट उघडले. आधी मायनस सोडवायचे, हा यातला मुख्य नियम. गाडीचा सारा पत्रा मायनसलाच जोडलेला असल्यामुळे, प्लस सोडवताना पाना चुकून पत्र्याला टेकला तर ठिणग्यांचा सडाच पडतो; मायनस आधी सुटले असेल, तर तोच पाना कुठेही टेकला तरी काही होत नाही. जोडताना क्रम उलटा: प्लस आधी, मायनस शेवटी. सोवळ्याओवळ्याचे नियम कारण न विचारता पाळणाऱ्या घरात वाढल्यामुळे, कारणासकट मिळालेला हा नियम मला विशेष आवडतो.

प्लसच्या टोकावर पांढरट-हिरवट भुकटी साचली होती. कोमट पाण्यात कालवलेला खायचा सोडा जुन्या टूथब्रशने लावताच ती इनो घातल्यासारखी फसफसली. टोके कोरडी पुसली, वीजदाब मोजणाऱ्या मल्टिमीटरवर भरलेल्या बॅटरीचे १२.६ व्होल्ट पाहून समाधान वाटले, आणि महिन्यातून एकदा चार्जर लावण्याची जबाबदारी भाच्यावर टाकली. रिमोट आता चालणार नाही हे विसरून दाराशी दोन मिनिटे बटण दाबत उभा राहिलो, ते मात्र त्याला सांगितले नाही.

परतल्यावर क्रमाने तारा जोडल्या. गाडी पहिल्याच किल्लीला सुरू झाली. बारा वाजले होते ते फक्त डॅशबोर्डावरच्या घड्याळात.