हे मानिलोव कोण?

मॉस्कोतील त्या बैठकीत मी दुभाषी होतो. आपल्याकडच्या एका कंपनीला तिथे ट्रॅक्टरचे सुटे भाग विकायचे होते. पहिली खेपही अजून निघालेली नव्हती, तरी आमच्या साहेबांनी गोदाम, शेजारी दुरुस्तीशाळा आणि तिथेच प्रशिक्षण केंद्र अशी आखणी पाऊण तास रंगवून सांगितली. समोरचे वयस्कर अभियंते शेजाऱ्याला हळूच म्हणाले, “मानिलोवश्चिना.” मला शब्दाचा पूर्वार्धच नीट ऐकू आला आणि मी बेधडक सांगून टाकले, “ते कुणा मानिलोवांचा उल्लेख करत आहेत.”

साहेबांनी नाव वहीत टिपून घेतले. “हे मानिलोव कोण? कोणत्या खात्यात असतात?”

मी तोही प्रश्न इमानेइतबारे रशियनमध्ये विचारला आणि पलीकडे हास्याचा स्फोट झाला.

मानिलोव हा रशियन लेखक गोगोलच्या १८४२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मृत आत्मे’ या कादंबरीतला जमीनदार. त्याच्या खोलीतल्या पुस्तकात चौदाव्या पानावर खूण आहे आणि ते पुस्तक तो दोन वर्षे वाचतो आहे; खिडकीत चिलमीच्या राखेच्या ढिगल्या मात्र सुबक ओळींत मांडलेल्या आहेत. घरापासून भुयार खणावे, तळ्यावर दगडी पूल बांधून त्यावर दोन्ही बाजूंना दुकाने थाटावीत, असे त्याचे बेत असतात; एकदा तर थेट मॉस्को दिसेल एवढ्या उंच मनोऱ्याचे घर तो मनात बांधतो. त्याच्या आडनावात ‘मानित्’, म्हणजे खुणावणे, भुरळ घालणे, हे क्रियापद ऐकू येते, आणि ‘-श्चिना’ हा प्रत्यय व्यक्तीच्या नावावरून वृत्तीचे नाव घडवतो, तेही बहुधा नाक मुरडून. गोंचारोवच्या १८५९ सालच्या कादंबरीतील ओब्लोमोववरून ‘ओब्लोमोवश्चिना’ असाच घडला. पण त्यात आळसाचे वजन अधिक आहे.

हॉटेलवर परतल्यावर साहेबांना खरा अर्थ सांगणे भागच होते. मी ‘मनातले मांडे’ म्हणालो, तेव्हा ते खजील होऊन हसले. शेखचिल्लीचे नाव मात्र मी मुद्दाम टाळले, कारण शेखचिल्ली स्वप्नाच्या भरात निदान घडा तरी फोडतो; मानिलोवच्या हातून तेवढेही घडत नाही, आणि त्याचे त्याला दुःखही नसते.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी प्रशिक्षण केंद्राचे नावही काढले नाही. पहिली खेप कोणत्या बंदरात उतरवायची, एवढेच त्यांनी विचारले, आणि ते वाक्य मी दोनदा तपासून मगच बोललो.