नाकाला मास्क आहे, हातांचे काय?

कारखान्यातील विषारी द्रव्यांचा विषय निघाला की बोलणे धूर आणि धुळीवर येऊन थांबते. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील फौंड्र्यांमध्ये (धातू ओतण्याच्या कारखान्यांत) वाळूची धूळ डोळ्यांना दिसते, भट्टीचा धूर नाकाला झोंबतो. त्यामुळे मार्चमधील सुरक्षा सप्ताहात मास्क वाटले जातात आणि मास्क लावलेल्या कामगारांचे फोटोही निघतात. त्याच वेळी शेजारच्या शेडमध्ये लेथवर, म्हणजे धातू कातण्याच्या यंत्रावर, उभा असलेला टर्नर पाळीभर धातू थंड ठेवणाऱ्या कूलंटमध्ये हात भिजवत असतो आणि जेवणाची सुट्टी झाली की तेच हात बनियनच्या चिंधीला पुसून डबा उघडतो. बेळगावच्या मशीन शॉपमध्ये माझ्या नोकरीची बरीच वर्षे गेली आणि माझे आजोळ तंबाखूच्या निपाणीकडचे आहे. या दोन्ही ठिकाणी जे पाहिले त्यावरून माझे मत असे झाले आहे की, आपल्याकडे कातडीतून आणि तोंडावाटे शरीरात जाणाऱ्या विषाकडे जवळजवळ कोणीच पाहत नाही, आणि त्याचे खापर मात्र ‘कामगार निष्काळजी असतात’ या एका वाक्याने कामगारावरच फोडले जाते.

दुधासारखे पांढरे दिसणारे कूलंट म्हणजे पाण्यात मिसळलेले तेल, आणि ते कुजू नये म्हणून घातलेली जंतुनाशके. जुने झाले की त्यात जिवाणू वाढतात. रविवारच्या सुट्टीनंतर सोमवारी सकाळी मशीन चालू केल्यावर जो कुजका वास येतो, तो त्यांचाच. कापलेल्या धातूतील निकेल आणि क्रोमियमचे अंशही त्यात उतरतात. धातूच्या बारीक बरीने (कापताना उरलेल्या धारदार कडांनी) बोटांना न दिसणारे ओरखडे पडतात, त्यांतून हे सारे आत शिरते आणि प्रथम बोटांच्या बेचक्यांत खाज सुटते, मग कातडी तडकते. सुटीच्या भोंग्यानंतर हात स्वच्छ करण्यासाठी रॉकेल किंवा थिनर वापरण्याची पद्धत तर आणखी घातक आहे, कारण कातडीचे स्वतःचे स्निग्ध कवच थिनरने धुऊन जाते आणि दुसऱ्या दिवशीच्या तेलाला वाट मोकळी होते.

तेलाने माखलेली चिंधी पॅन्टच्या खिशात खोचण्याची सवय जवळजवळ प्रत्येक टर्नरला असते. लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्ये धुराडी साफ करणाऱ्यांच्या अंडकोषाच्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला होता. पुढे तोच रोग इंग्लंडच्या सूतगिरण्यांत आणि लेथवर काम करणाऱ्यांत खनिज तेलामुळे आढळला, आणि त्यात मांडीला घासणाऱ्या तेलकट कपड्यांचा वाटा होता. आजची शुद्ध केलेली तेले तितकी घातक नाहीत हे खरे. पण ड्रममध्ये नेमके कोणते तेल आले आहे, हे टर्नरला कोण सांगतो?

निपाणीकडे गोष्ट वेगळी आहे, पण वाट तीच आहे. तंबाखूतील निकोटीन पाण्यात सहज विरघळते आणि कातडीतूनही तितक्याच सहजपणे आत जाते. दवाने भिजलेल्या पिकात शेंडे खुडणाऱ्या बाईचे हात चिकाने काळे पडतात, ओले लुगडे अंगाला चिकटते आणि दुपारपर्यंत मळमळ, उलटी, डोकेदुखी, चक्कर सुरू होते. ‘तंबाखू लागली’ म्हणून तिला बांधावर झाडाखाली बसवतात. उन्हाचा त्रास समजून डॉक्टरही सलाईन लावून मोकळे होतात. जी बाई स्वतः तंबाखू खाते किंवा मिश्री लावते तिच्या शरीराला निकोटीनची सवय असल्याने तिला हा त्रास कमी जाणवतो, आणि म्हणून नव्याने कामाला आलेल्या पोरीची उलटी हा नाजूकपणा ठरतो. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी १९८० च्या दशकात गुजरातमधील तंबाखू मजुरांची तपासणी केली होती; हातमोजे वापरल्यावर लघवीतून जाणारे निकोटीन कमी झाल्याचे त्यांना आढळले. त्याच दशकात, १९८१ मध्ये, निपाणीच्या आंदोलनाने तंबाखूच्या भावाचा प्रश्न देशापुढे नेला. भावाचे आंदोलन झाले, हातांचे झाले नाही.

विडी वळण्याचे काम घरीच चालत असल्याने तेथे कामाची जागा आणि स्वयंपाकघर यांत भिंतच नसते. मांडीवरच्या सुपात जर्दा, शेजारी रांगणारे मूल आणि मध्येच उठून मळलेली कणीक, असा तो दिवस असतो. मूल जमिनीवरचे बोट तोंडात घालते, त्याला कोण अडवणार?

ऊस, द्राक्षे आणि भाजीपाल्याच्या पट्ट्यात फवारणीचा प्रश्न याहून तातडीचा आहे. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये कापसावर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले, तेव्हा काही दिवस सगळीकडे चर्चा झाली. पाठीवरचा पंप झाकणाशी गळतो आणि औषधाचा ओघळ कण्यावरून कमरेखाली उतरतो, ही रोजची गोष्ट आहे. अमेरिकेत माणसांवर झालेल्या जुन्या प्रयोगात पॅराथिऑन या कीटकनाशकाचा कोपराखालील कातडीतून सुमारे ९ टक्के, कपाळातून सुमारे ३६ टक्के, तर अंडकोषाच्या कातडीतून जवळजवळ सगळा अंश शरीरात गेला. म्हणजे आपण हातांची थोडीफार काळजी घेतो, आणि ओघळ मात्र नेमका जिथे जाऊ नये तिथे जातो. त्यात नोझल तुंबले की ते काढून तोंडाने फुंकणारे लोक मी गावोगावी पाहिले आहेत. एक जुना टूथब्रश पंपाला बांधून ठेवला तर हे टळते. डब्यावरील त्रिकोण लाल असेल तर ते औषध सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि हिरवा, एवढे तरी घरातील प्रत्येकाला ठाऊक असावे. आपल्या भागात पाटी कन्नडमध्ये की मराठीत यावर हिरिरीने वाद होतात. पाटीवर काय लिहिले आहे यावर सहसा होत नाहीत.

तोंडावाटे जाणाऱ्या विषात शिसे सर्वांत फसवे आहे. बॅटरी दुरुस्तीच्या दुकानात शिशाची पूड नखांत बसते, कातडीतून ती फारशी जात नाही. पण तळहातावर तंबाखू-चुना मळून चिमूट ओठांत ठेवली की ती थेट पोटात पोहोचते. पोटदुखी, बद्धकोष्ठता आणि थकवा या तक्रारी घेऊन माणूस अॅसिडिटीच्या गोळ्या खात राहतो. तेच कपडे घालून तो घरी गेला की पूडही घरी जाते, आणि लहान मुलांचे आतडे मोठ्यांपेक्षा कितीतरी अधिक शिसे शोषून घेते.

कारखाने कायदा १९४८ चा; २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. त्या जुन्या कायद्याच्या ४२ व्या कलमाने हात-पाय धुण्याची पुरेशी आणि सोयीची व्यवस्था मालकावर बंधनकारक केली, आणि रसायने व रंगांमुळे होणारा त्वचारोग कळवण्याजोग्या व्यावसायिक आजारांच्या यादीत आला. प्रत्यक्षात नळ शेडच्या मागे, साबणाची वडी एखाद्याने घरून आणलेली आणि जेवण मशीनशेजारच्या पेटीवर बसून, असे चित्र लहान युनिटांत सर्रास दिसते. अर्ध्या तासाच्या सुट्टीत नळाच्या रांगेत दहा मिनिटे घालवायची की जेवायचे, हा निवडीचा प्रश्न कामगाराने निर्माण केलेला नाही. हातमोज्यांचेही तसेच आहे: सुती मोजे तेल किंवा औषध शोषून दिवसभर कातडीला चिकटवून ठेवतात, त्यापेक्षा मोकळा हात परवडला. द्रव्यानुसार नायट्राइल (एक कृत्रिम रबर) किंवा रबराचे मोजे हवेत, आणि ते आतून ओले झाले की बदलायला हवेत.

अपघात झालाच तर औषध सांडलेले अंगावरचे कपडे तत्काळ उतरवावेत आणि कातडी साबणाने व वाहत्या पाण्याने निदान पंधरा मिनिटे धुवावी. नळीने डिझेल किंवा थिनर ओढताना घोट गेला तर मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये. उलटीबरोबर ते फुप्फुसात उतरते आणि तेथे अधिक नुकसान करते. दवाखान्यात जाताना औषधाचा डबा किंवा त्याचे लेबल बरोबर न्यावे आणि रुग्ण काय काम करतो हे डॉक्टरांनी विचारले नाही तरी स्वतःहून सांगावे.