तुम्ही विचारलंत म्हणून: आधी एवढी चौकशी कशाला?

"फोल्डर परत येतो की नाही, तेवढं सांगा ना. आधी एवढी चौकशी कशाला?" मेलचा फोल्डर चुकून डिलीट झाला की लोक मला फोन करतात आणि माझ्या दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नालाच हे ऐकवतात. काहींना वाटतं, चूक कुणाची ते मी शोधतेय. त्याच्याशी मला खरंच काही देणंघेणं नाही. मेल ब्राउझरमध्ये बघता की आउटलुक, थंडरबर्डसारख्या मेलच्या प्रोग्रॅममध्ये? खातं आयमॅप (मेल सर्व्हरवर ठेवून सगळीकडे तेच दाखवणारं) आहे की पॉप (मेल आपल्या यंत्रावर उतरवून घेणारं)? फोल्डर गेल्यानंतर काय काय केलंत? हेच खातं आणखी कुठे जोडलेलं आहे? हे कळल्याशिवाय मी 'येतो' म्हटलं काय आणि 'नाही येत' म्हटलं काय, दोन्ही अंदाजच.

जीमेलमध्ये मुळात फोल्डर नसतात, लेबलं असतात. लेबल काढून टाकलं तरी मेल 'ऑल मेल'मध्ये शाबूत असतात, फक्त वर्गवारी मोडते. तिथे घाबरण्यासारखं काही नसतं. आउटलुकमध्ये फोल्डर बहुतेक वेळा 'डिलीटेड आयटम्स'च्या पोटात सापडतो. ओढून बाहेर आणला की झालं. तिथूनही गेला असेल आणि खातं ऑफिसचं, मायक्रोसॉफ्ट ३६५ वरचं असेल, तर मेल सर्व्हरवर मुळात १४ दिवस राहतात; अ‍ॅडमिनने मुदत वाढवली असेल तर ३० दिवसांपर्यंत. थंडरबर्डच्या लोकल फोल्डरमधून मेल काढला तर फाइलीत त्याच्यावर नुसती खूण होते, मजकूर 'कॉम्पॅक्ट' करेपर्यंत, म्हणजे खूण केलेले मेल फाइलीतून कायमचे काढून टाकेपर्यंत, तिथेच असतो. म्हणून मी विचारते, "कॉम्पॅक्ट केलंत का?" त्या उत्तरावर बरंच काही ठरतं.

पण सगळ्यात जास्त चिडतात ते 'खातं आणखी कुठे जोडलंय' या प्रश्नावर. तो का विचारते, ते आता एकदा नीट सांगतेच.

एक अभ्यासक बाई होत्या. लोकांशी मेलवरून प्रश्नोत्तरं करून त्यांनी अनेक वर्षं मुलाखती जमवल्या होत्या, सगळ्या एकाच फोल्डरमध्ये. फोनवर काहीतरी आवरताना तो फोल्डर डिलीट झाला आणि आयमॅप असल्यामुळे सर्व्हरवरूनही गेला. सर्व्हर चालवणाऱ्यांकडे मागची प्रत नव्हती. बाईंना आठवलं, कपाटात जुना लॅपटॉप आहे, त्यावर थंडरबर्डमध्ये सगळे मेल उतरवलेले आहेत. ही आठवण अगदी बरोबर होती. त्यांनी लॅपटॉप काढला, चालू केला, थंडरबर्ड उघडलं. फोल्डर समोर होता. वरचा मेल त्यांनी वाचायलाही घेतला. तेवढ्यात वायफाय आपोआप जोडलं गेलं, थंडरबर्डने सर्व्हरला विचारलं, सर्व्हर म्हणाला असा फोल्डर नाही, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत तो यादीतून नाहीसा झाला.

मग मला फोन आला. डिस्क एसएसडी होती. पुसलेल्या फाइलीची जागा अशी डिस्क 'ट्रिम' नावाच्या सोयीमुळे स्वतःच मोकळी करून टाकते, त्यामुळे रिकव्हरी सॉफ्टवेअरच्या हाती काही लागलं नाही. शेवटी आम्ही 'सेंट' फोल्डरकडे वळलो. बाई प्रत्येकाला रिप्लाय करत, आणि रिप्लायच्या खाली समोरच्याचा मूळ मजकूर अवतरणात आलेला असतो. तिथून एकेक मुलाखत जुळवत बसलो. बरंच हाती आलं. पण रिप्लायबरोबर जोडपत्रं येत नाहीत. लोकांनी पाठवलेले जुने फोटो, आवाजाच्या फाइली गेल्या त्या गेल्याच. परत मागवायला मेल पाठवले, तर कित्येक पत्ते बंद झालेले. बाईंनी मला एवढंच विचारलं, "लॅपटॉप नेटशिवाय उघडायचा असतो, हे मला कुठून कळणार होतं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. प्रोग्रॅमने नेमून दिलेलं काम चोख केलं होतं. सर्व्हरवर जे आहे तेच सगळीकडे दाखवायचं, यालाच तर आयमॅप म्हणतात.

या व्यवस्थेची मी एके काळी कट्टर समर्थक होते. मेल सर्व्हरवर आहेत, फोनवर आहेत, लॅपटॉपवर आहेत, मग वेगळी प्रत कशाला, असं हिरिरीने सांगायचे. त्या वेळच्या 'मी'शी माझा वाद अजून चालू आहे. तिला मी फेब्रुवारी २०११ ची आठवण देते. तेव्हा साठवणुकीच्या सॉफ्टवेअरमधल्या दोषामुळे जीमेलच्या सुमारे ०.०२ टक्के वापरकर्त्यांचे मेल दिसेनासे झाले. वेगवेगळ्या डेटा सेंटरमधल्या प्रतींनाही तोच दोष बाधला. गूगलने मेल परत आणले ते टेपवरून, कारण टेप ऑफलाइन होत्या. यावर ती म्हणते, गूगलकडे टेप आहेत, घरातल्या माणसाने रोज कुठे प्रती काढत बसायचं? लॅपटॉप चोरीला गेल्यावर ज्यांचे मेल केवळ आयमॅपमुळे वाचले, त्यांचं काय? तिचं हे म्हणणं मला खोडता येत नाही. नवीन खातं जोडून द्यायचं झालं तर मी आजही आयमॅपच लावते. वेगळी प्रत काढून बाजूला ठेवा, असंही बजावते. किती जण काढतात, हा वेगळा प्रश्न.

तेव्हा माझे प्रश्न कमी होणार नाहीत. उलट एक वाढलाय, आणि तो मी हल्ली सगळ्यात आधी विचारते: हेच खातं असलेला एखादा लॅपटॉप, जुना फोन बंद पडलेला आहे का? असला तर बंदच राहू द्या. फोन असेल तर सिमही काढून ठेवा. आधी घरातला राउटर बंद करायचा, मग यंत्र चालू करायचं, आणि थंडरबर्ड न उघडता त्याचा प्रोफाइल फोल्डर (उतरवलेले मेल यातच असतात) अख्खाच्या अख्खा पेनड्राइव्हवर कॉपी करायचा. ते झालं की मला हवं तेवढं रागवा.