पोट बिघडलं म्हणजे ॲलर्जी नव्हे

आज म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात शेजारच्या वहिनी भेटल्या. "मला अश्वगंधाची ॲलर्जी आहे गो!" झालं काय, तर रिकाम्या पोटी २ चमचे चूर्ण, मग मळमळ आणि जुलाब. अर्ध्या चमच्याने काहीच होत नाही म्हणे. मग ही बहुधा ॲलर्जी नाही, पोटाला सोसत नाही इतकंच. ते मात्रेवर ठरतं. ॲलर्जीत प्रतिकारशक्तीच बिथरते. चिमूटभरानेही अंगावर गांधी उठतात, ओठ-डोळे सुजतात, बहुतेकदा काही मिनिटांत ते २ तासांत. पहिल्या वेळी निभावलं म्हणून पुढेही निभावेल असं नाही. श्वास लागला, घसा आवळला तर काढे नकोत, थेट १०८! वहिनींना थायरॉईडची गोळी चालू आहे, म्हणून डॉक्टरांना विचारेपर्यंत डबा बंदच ठेवा म्हटलं. "आयुर्वेदिकच तर आहे," हे उत्तर ठरलेलंच.