किती किलो कमी झालं, एवढंच विचारता?

यंदा सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेला आक्कासोबत गेले होते, तर भेटेल ती बाई एकच विचारतीय, किती किलो कमी झालं गं. ३१ म्हणून सांगून सांगून आक्का दमली. तिचं डोकं आता कसं चालतंय हे एकीनंही विचारलं नाही, म्हणून हे लिहितेय.

दीड वर्षापूर्वी तिचं वजन कमी करायचं स्लीव्हचं ऑपरेशन झालं. त्यात जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात, भूक लावणारं घ्रेलिन हार्मोन बऱ्यापैकी त्याच भागात तयार होतं, त्यामुळे भूकच कमी होते. आक्का चादरीच्या कारखान्यात हिशोब बघते. आधी एकच बेरीज तीनदा करायची, पार्टीचं नाव तोंडावर येऊन अडकायचं, म्हणायची डोक्यावर ओली चादर टाकल्यासारखं वाटतंय गं. सहा महिन्यांत घोरणं थांबलं, शुगर ताब्यात आली आणि वही पुन्हा झरझर लिहायला लागली.

मला वाटलं झोप नीट लागतीय म्हणून असेल, तेही आहेच. पण वाचायला लागले तर नेदरलँड्समधल्या १३३ जणांचा अभ्यास सापडला, २०२४ मध्ये आलेला, गॅस्ट्रिक बायपासनंतर (हृदयाचं नाही, वजन कमी करायचंच दुसरं ऑपरेशन) दोन वर्षांनी त्यातल्या बऱ्याच जणांची स्मरणशक्ती नि लक्ष सुधारलेलं. हे कशामुळे होत असेल ते शोधताना मग मायक्रोआरएनएबद्दल वाचलं. साधारण २२ अक्षरांचा बारीकसा आरएनए, त्याच्या शोधासाठी अँब्रोस आणि रुवकुन यांना २०२४ चं नोबेल मिळालं. मी ते जॅकार्डवरून, म्हणजे भोकांच्या कार्डांवरून चादरीवर नक्षी विणणाऱ्या मागावरून, समजून घेतलं: कार्ड म्हणजे आपला जीन, ते बदलत नाही, पण मधेच कुणी एखाद्या रंगाचा धागा धरून ठेवला तर चादरीवरचं फूल वेगळंच उमटतं की नाही? मायक्रोआरएनए तसाच जीनकडून निघालेला निरोप अडवतो आणि ते प्रोटीन कमी बनतं.

चरबीच्या पेशीसुद्धा हे मायक्रोआरएनए बारीक पुड्यांत भरून रक्तात सोडतात. गॅस्ट्रिक बायपास झालेल्या ६ बायकांच्या रक्तात वर्षभरानं त्या पुड्यांतला माल बदललेला दिसला, त्यातला बराचसा इन्सुलिनच्या कामाशी जोडलेला. इन्सुलिन मेंदूलाही लागतं, आणि अंगातली सूज मेंदूलाही त्रास देते, म्हणून संशोधक आता ह्या पुड्या मेंदूपर्यंत कशा जातात ते बघतायत. त्यावरून डोक्याची तब्येत सांगणारी टेस्ट मात्र आपल्या लॅबमध्ये मिळत नाही, कुणी विकायला आलं तर पैसे घालू नका.

आणि एक गोष्ट मनापासून सांगते. आठव्या महिन्यात आक्काच्या पायाला मुंग्या यायला लागल्या, पुन्हा विसरायला लागली, चिडचिड. आम्ही म्हटलं अशक्तपणा असेल, शेंगाचटणी-भाकरी थोडी वाढव. निघाली बी१२ व्हिटॅमिनची कमतरता! आम्ही शाकाहारी, आधीच कमी, त्यात जठर लहान झाल्यावर बी१२ शोषायला लागणारं आम्ल आणि इंट्रिन्सिक फॅक्टर (जठरात बनणारं एक प्रोटीन) दोन्ही घटतं, आणि बाईसाहेबांनी बरं वाटतंय म्हणून व्हिटॅमिनच्या गोळ्या बंद केलेल्या. मला फार राग आला, तिच्यावर कमी आणि माझ्यावर जास्त, कारण डबी रिकामी होत नाहीये हे मला दिसत होतं. ह्या गोळ्या जन्मभराच्या आहेत हो, आणि सतत उलट्या होत असतील तर थायमिन (बी१ व्हिटॅमिन) घटून मेंदूलाच इजा होऊ शकते, तेव्हा थांबू नका, तडक डॉक्टरकडे जा.

रविवारी ती घरी आली होती. बी१२च्या पुढच्या इंजेक्शनची तारीख तिनंच तोंडपाठ सांगितली, मी मोबाईलमध्ये बघितलं, बरोबर होती.