पांढरी फीत

खडकी बाजारात आमचं फ्रेमचं दुकान आहे. वडिलांच्या काळी देवांचे फोटो जास्त यायचे, आता पदकं येतात. बॉम्बे सॅपर्सचं, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर दलाचं, केंद्र इथेच, त्यामुळे रिटायर झालेले फौजी आणि त्यांची मुलं-सुना ही आमची ठरलेली गिऱ्हाइकं. राम राघोबा राण्यांच्या फोटोला आजवर किती फ्रेमा केल्या, त्याचा हिशोब नाही. १९४८ साली नौशेरा-राजौरीच्या वाटेवर सुरुंग काढणारे, जिवंतपणी परमवीर चक्र मिळालेले पहिले सैनिक. सॅपरच्या घरात त्यांचा फोटो बऱ्याचदा असतोच.

गेल्या भाद्रपदात एक ताई आणि त्यांचा धाकटा भाऊ आले. सोबत आई. बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात वडिलांची पदकं होती. मार्गशीर्षात वर्षश्राद्ध, त्याआधी फ्रेम हवी.

"जरा चकाचक करून द्या," भाऊ म्हणाले.

हे मी करत नाही. ब्रासोने घासघासून पदकाची अक्षरं झिजतात आणि खाचांत पांढरी भुकटी बसते ती वेगळीच. मी पदकं कापडावर ठेवून आधी क्रम लावला. डाव्या हाताला समर सेवा स्टार, मग १९७१ च्या पश्चिम आघाडीचा पश्चिमी स्टार, मग रक्षा पदक, संग्राम पदक, आणि शेवटी दीर्घ सेवेची. घरच्यांनी लावला की हा क्रम हमखास चुकतो, कारण सगळ्यात चमकदार ते पुढे, असा त्यांचा हिशोब असतो.

गोल पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. बहुतेकांना ते ठाऊकच नसतं. मी भिंग दिलं. ताईंनी १९६५ चं रक्षा पदक फिरवून वाचलं, सॅपर. १९७१ चं संग्राम पदक, नाईक. निवृत्त झाले तेव्हा ते सुभेदार होते, आणि मुलांच्या आठवणीत सुभेदारच. "बाबा कधी साधे सॅपर होते, हे डोक्यातच आलं नव्हतं," ताई म्हणाल्या आणि बराच वेळ ते पदक हातात धरून बसल्या.

डब्याच्या तळाशी एक गुंडाळी निघाली. मळकट पांढरी सुती फीत, दोन बोटं रुंद, मधेमधे गाठी. भाऊ ती कचऱ्याच्या टोपलीत टाकायला निघाले, तर ताईंनी हात धरला.

"अरे, ही कात्रजची फीत आहे!"

मग गोष्ट निघाली. नोकरीत असताना वडील वर्षातून दोन महिने सुट्टीवर यायचे. त्या दोन महिन्यांतला घरातला मुक्काम कमीच, कारण मुलांना घेऊन रोज कुठेतरी जायचं. पहाटे वेताळ टेकडी, रविवारी सिंहगड, मुलं जरा मोठी झाल्यावर राजगड. रिटायर झाल्यावर तर घरात टिकेनात. दरवर्षी पाऊस संपला की कात्रजच्या जुन्या बोगद्यापासून रात्री चालायला सुरुवात, सगळ्या टेकड्या चढत-उतरत सकाळी सिंहगडावर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही. पुढे वडील हातात काठी घेऊन. जिथे वाटा फुटायच्या तिथे झुडपाला फितीचा तुकडा बांधायचे. मागच्यांनी त्यांच्या पावलावर पाऊल टाकायचं, गवतात शिरायचं नाही. शेवटी चालणाऱ्याने तुकडे सोडून आणायचे आणि गडावर पुन्हा एकाला एक गाठ मारून गुंडाळी करायची.

"शेवटी नेहमी मी," भाऊ म्हणाले. "एक तुकडा राहिला तर परत पाठवायचे. एकदा अर्धा तास मागे गेलो होतो, रडत."

मी विचारलं, साहेब फौजेत काय काम करायचे?

"पूल बांधायचे. आम्हाला तेवढंच सांगायचे."

पूल बांधायचे, हे खोटं नव्हे. सॅपर पूल बांधतातच. पण माझ्या दुकानात बसून चहा पिणाऱ्या जुन्या लोकांकडून मी आणखीही ऐकलंय. सुरुंगांच्या पट्ट्यात सॅपर गुडघ्यांवर बसून सळई तिरपी खुपसत पुढे सरकतो. मोकळी झालेली वाट दाखवायला पांढरी फीत लावतात. मागून येणारे फितीच्या आतूनच चालतात. डिसेंबर १९७१ मध्ये शकरगडच्या बाजूला, बसंतर नदीपलीकडे रणगाडे काढायला इंजिनिअरांनी सुरुंगांतून अशाच वाटा केल्या होत्या. हे साहेब तिथे होते की नाही, मला माहीत नाही. पश्चिमी स्टार समोर होता, एवढंच.

हे सांगावं की नाही, यावर मी थोडा अडखळलो. आपलं काम काच आणि पट्टीचं. गिऱ्हाइकाच्या घरात डोकावू नये, हे वडिलांनी बजावलेलं. तरी सांगितलं.

भाऊ फीत हातात घेऊन नुसते उभे. आई तोवर काही बोलल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "घरात नवी फरशी घातली तरी हे खाली बघूनच चालायचे. मी म्हणायचे, अहो, काय हरवलंय का? तर म्हणायचे, सवय आहे."

मग फ्रेमवरून वाद. ताईंना पदकांखाली फितीचा एक तुकडा ताणून हवा होता. आईंनी साफ नकार दिला, कात्री लावायची नाही, गाठ सुटायची नाही. अख्खी गुंडाळी बसवायची तर खोली वाढवावी लागणार, म्हणजे पेटीसारखी फ्रेम, खर्च जवळपास दीडपट. मी आकडा सांगितला. भाऊंनी घासाघीस केली नाही. खडकीत हे क्वचित घडतं.

पदकं मी डिंकाने कधी चिकटवत नाही, रिबिनीच्या मागून दोऱ्याने टाचतो. गुंडाळीला मात्र टाका घालवेना, म्हणून खाली लाकडाचा छोटा कप्पा केला. काच पदकांपासून बोटभर लांब ठेवली, नाहीतर पुण्याच्या पावसात आतून बुरशी धरते.

नवरात्राच्या आदल्या दिवशी भाऊ न्यायला आले. फ्रेम उलटी करून त्यांनी मागची बाजू पाहिली.

"हे खिळे काढून स्क्रू लावाल का?"

"का हो? खिळे पक्के आहेत."

"कोजागरीला कात्रजहून निघतोय. माझी मुलगी येतेय, आठ वर्षांची. फीत बाहेर काढावी लागेल."

मी चार स्क्रू लावून दिले आणि एक छोटा पेचकस पाकिटात घालून फ्रेमच्या मागे चिकटवला.